पेट्रोलनं शेकोटी विझवली तेव्हा

चहा ओता आधी. फजिती माझीच आहे, त्यामुळे सावकाश सांगणार. मधे कुणी हसायचं नाही. शेवटी काय हसायचं ते हसा, मला सवय आहे.

गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता तेव्हाची गोष्ट. मी मुंबईच्या एका फ्लाइंग क्लबात विमानं पुसायला होतो. पुसायला म्हणजे खरोखर, फडक्यानं. गावी पत्रात मात्र 'विमान खात्यात आहे' असं लिहायचो. आमचं गाव महाड आणि पोलादपूरच्या मधे, सावित्रीच्या काठी. तिथून कोण येतंय खात्री करायला? आबांचं मात्र एकच म्हणणं, भात लावणाऱ्याच्या पोरानं पाय जमिनीवर ठेवावेत.

चार वर्षांनी मी फडकं सोडून पान्यापर्यंत पोचलो. आमचे साहेब हिमालयाच्या पायथ्याशी बरीच वर्षं विमान उडवून आलेले. त्यांना जगात एकाच गोष्टीची धास्ती, पेट्रोलातल्या पाण्याची! थंडीत उंच गेलं की त्या पाण्याचा बर्फ होतो, बोरूएवढ्या नळीत अडकतो आणि इंजिन बंद पडतं. बर्फ नाही झाला तरी नुसतं पाणीही इंजिनाला पुरतं.

म्हणून त्यांचा नेम कडक. पेट्रोल मऊ कातड्यातून गाळायचं, कारण कातडं पेट्रोल सोडतं आणि पाणी अडवतं. टाकी संध्याकाळीच काठोकाठ भरायची, म्हणजे रात्रीच्या गारठ्यात आत दव धरायला जागा उरत नाही. आणि सकाळी टाकीच्या तळाची तोटी उघडून काचेच्या पेल्यात थोडं काढून बघायचं. पाणी जड, ते पेट्रोलाखाली बसतं आणि दोघांमधे रेघ दिसते. रेघ दिसली तर पाणी आहे. रेघ नाही, तर पाणी नाही. हे मी इतकं पाठ केलं होतं की झोपेतून उठवून विचारा!

एका डिसेंबरात साहेबांना साताऱ्याकडे जायचं होतं. वाटेत पेट्रोल घ्यायला कुठे उतरता येईल, असं त्यांनी विचारलं मात्र, मी म्हणालो, आमच्या शेतात. भात कापून झालं होतं, जमीन खडखडीत वाळली होती. अडचण फक्त बांधांची. पण विमान येणार म्हटल्यावर गाव असं पेटलं की विचारू नका. ज्या बांधावरून आबा आणि शेजारी महाडच्या कोर्टात तारखा घेत होते, तो बांध दोघांनी मिळून एका सकाळीत सपाट केला.

आणि विमान उतरलं! दोन पंख एकावर एक, अंगाला कापड चढवलेलं, जुनं, दोन माणसांचं. पुढच्या बैठकीतून मी उतरलो तेव्हा चार गावं गोळा झाली होती. आई रडत होती. साहेब आबांना म्हणाले, उद्या सकाळी निघण्याआधी तुम्हाला एक फेरी मारून आणतो. आबांनी घरी जाऊन नवं धोतर काढायला सांगितलं.

संध्याकाळी माझं व्याख्यान. एक हात पंखावर ठेवून मी गावाला पेट्रोलाचा बर्फ समजावला. गावानं बर्फ पाहिलेला तो महाडच्या बाजारात, भुशात गुंडाळलेला. धोंडूमामा, म्हणजे माझ्या आईचा भाऊ, तीन-तीनदा विचारत होता आणि मी तीन-तीनदा सांगत होतो. इतक्या गोडीनं मला आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

पेट्रोलचं पिंप साहेबांनी मोटारीनं महाडला पाठवलं होतं. तिथून ते डब्यांत भरून आबांच्या बैलगाडीनं शेतावर आणायचं होतं. मी हुकूम सोडला होता की डबे लख्ख पाहिजेत, धुळीचा कण चालणार नाही. आईनं नऊ डबे राखेनं घासले. आणि आपल्याकडे भांडं विसळल्याशिवाय कधी त्यात काही घालतात का? तिनं ते विसळून, झाकण लावून, तसेच ओले गाडीत चढवले. वाळव म्हणून मी सांगितलंच नव्हतं. बर्फावर तासभर बोललो, फडक्याबद्दल अवाक्षर नाही!

बरं, गाळायचं कातडं होतंच ना? होतं. पण गावासमोर विमान चकाकावं म्हणून दुपारी त्याच कातड्यानं मी पंख आणि काच पुसली होती. ते झालं होतं ओलं आणि मळकट. मग मी आईचं धुतलेलं लुगडं चौपदरी केलं आणि त्यातून गाळलं. लुगड्यातून पाणी जातं हे मला ठाऊक नव्हतं? होतं. पण चार गावं बघत असताना माणसाला ठाऊक असलेलं आठवत नाही.

सकाळी नवं धोतर, कानाला मफलर, अशा थाटात आबा पुढच्या बैठकीत बसले. मी त्यांचे पट्टे बांधले. साहेब मागं बसता बसता म्हणाले, "सदाशिव, आजची तपासणी तू एकट्यानं कर." चार वर्षांत पहिल्यांदा! माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण जपावं लागलं.

तोटी उघडली, पेला भरला, पूर्वेकडे धरला. स्वच्छ. रेघ नाही! आमच्या पेट्रोलाला एरवी तांबूस झाक असायची, ती दिसेना. मी म्हटलं, हा आईच्या हातचा प्रताप, राखेनं घासलेल्या डब्यांतलं पेट्रोल असं निर्मळ असणारच. वास घ्यावा तर माझे हात, माझा शर्ट, सगळंच पेट्रोलानं घमघमत होतं.

"रेघ?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. शंभर टक्के."

त्यांनी चष्मा चढवला. आता पेला नुसता ओतून टाकावा की नाही? पण शेताच्या पार दुसऱ्या टोकाला शेकोटी होती, आणि मामा विचारत होता, हे पेटतं तरी कसं? मी पेला घेऊन तिकडे गेलो, सगळ्यांना दहा पावलं मागं सारलं. आणखी मागं सारलं. मामा तर गाडीच्या आड जाऊन उभा राहिला. मी लांबून, एक पाय पळायच्या तयारीत ठेवून, पेल्यातलं शेकोटीवर भिरकावलं.

फुस्स झालं. थोडा धूर निघाला आणि शेकोटी विझली.

मामा गाडीमागून बाहेर आला. "बर्फ हाय त्यात," तो लोकांना सांगू लागला. "काल सदू सांगत नव्हता? आग इझवणारं पेट्रोल हाय ह्ये."

झालं! टाळ्या पडायला लागल्या. विमानात बसलेले आबा मान वळवून हात उंच करून ओरडले, "माझा सदू हाय त्यो."

आणि मी हातातल्या रिकाम्या पेल्याकडे पाहिलं. रेघ नव्हती, कारण पेल्यात पेट्रोलच नव्हतं. सबंध पेला पाण्याचा होता! नऊ डब्यांचं विसळण टाकीच्या तळाशी जमलं होतं. साहेबांची शेकोटीकडे पाठ होती, त्यांना यातलं काही कळलं नव्हतं. त्यांनी हाक दिली, पंखा फिरव. मी चालत गेलो, पंख्याला हात लावला. नळीत उरलेल्या पेट्रोलावर इंजिन सुरू झालं असतं आणि सावित्रीच्या डोहावर जाऊन बंद पडलं असतं.

समोर आबा बसले होते. जन्मात कधी त्यांनी माझ्याकडे असं कौतुकानं पाहिलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, ते कौतुक सोडवेना म्हणून मी क्षणभर गप्प राहिलो.

मग म्हणालो, "साहेब, उतरा. आबा, उतरा. टाकीत पाणी आहे. मीच घातलंय."

टाळ्या थांबल्या. साहेब उतरले, मला बाजूला केलं आणि स्वतः तोटी उघडली. तीन पेले पाणी निघालं. चौथ्यात रेघ दिसली. मग त्यांनी सगळं पेट्रोल काढलं, कातडं धुऊन उन्हात वाळवलं, पुन्हा सगळं गाळून भरलं. दुपार झाली. तोवर ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शेवटी ते आबांना म्हणाले, "आता नाही बसलात तरी मी समजून घेईन."

आबांनी धोतर सावरलं. "बसतो की. चार गावांम्होरं पोरानं सोताची चूक सांगितली. आता त्याच्याकडं लपवायला काय नाय उरलं." मला हे आजही आठवलं की ऊर भरून येतो. मेकॅनिकचा दाखला नंतर मिळाला, पण माझा खरा दाखला तो.

विमान सावित्रीवरून पोलादपूरकडे गेलं, घाटाच्या पायथ्याशी वळलं आणि सुखरूप उतरलं. मी धावत जाऊन पट्टे सोडले. आबांचा चेहरा नुसता उजळला होता.

"आबा," मी हळूच विचारलं, "वर भीती नाय वाटली?"

"कसली भीती रे?" आबा म्हणाले. "दुसऱ्या खेपेला साहेबानं तुला हात कुठं लावू दिला?"