सावलीची खिडकी

भर वैशाखात हिंगोलीहून सेनगावला जाणाऱ्या एसटीत मी धावत जाऊन सावलीची खिडकी पकडली होती. तेवढ्यात पन्नाशीची एक बाई कडेवर लेकरू घ्यावं तसं पेरूचं रोप घेऊन आली.

"दादा, तुमी उनाकडं बसता का? ह्याला सोसत न्हाई."

मी चिडलो, पण उठलो. "या दिवसांत कुणी झाड लावतं का? पावसाळ्यात लावायचं!"

"पावसाळ्यात शाळा असती. होस्टेलच्या पोरींचा सैपाक मीच करते. सुट्टी मला आताच भेटती." ती पदरानं रोपाला वारा घालत राहिली. "परवा नवी चूल घातली, काल भिंती लिंपल्या, आज नर्सरीत फिरून आले. आता ह्यालाबी माझ्याच सुट्टीत जगाया लागंल."

बाटलीतलं उरलेलं पाणी तिनं घोटभरही न पिता मुळाशी ओतलं.

सेनगाव येईपर्यंत माझा एक गाल भाजून निघाला होता. उतरताना तिनं आधी एकेक पान निरखलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"तुमी जरा सुकले, दादा," ती समाधानानं म्हणाली, "पण हे बघा, कसं टवटवीत हाय!"