उलटा हत्ती

आमच्या घरच्या पटावर पांढरा वजीर नव्हता. आबांच्या युनिटच्या रिक्रिएशन रूममधून मोडीत निघालेला बुद्धिबळाचा संच त्यांनी मागून आणला, तेव्हाच तो हरवलेला होता. त्याच्या बदल्यात दुसऱ्या कुठल्यातरी संचातला एक पांढरा हत्ती जादा आला होता. आबांनी तो उचलला, उलटा केला आणि वजिराच्या घरात उभा केला. "हा आपला वजीर," ते म्हणाले. मी आठ वर्षांची होते. "पण हा तर हत्ती आहे," मी म्हटलं. त्यावर ते म्हणाले, "आपल्याला कळतंय ना? मग झालं."

अकरा वर्षं मी त्या उलट्या हत्तीने खेळले. आबांच्या बदल्या होत गेल्या तसा संचही बबिना, अंबाला करत शेवटी दिल्ली कँटला आला. पांढऱ्या सोंगट्या माझ्या, हे ठरलेलं. संध्याकाळी आबा वर्कशॉपमधून यायचे, साबणाने तीनदा हात धुवायचे तरी तेलाचा वास जायचा नाही, आणि आम्ही बसायचो. ते लष्कराच्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचे. गाड्यांचे न मिळणारे सुटे भाग ते नुसत्या नमुन्यावरून हुबेहूब करून द्यायचे. त्यांच्या हाताची कीर्ती होती. हे सगळं मुद्दाम सांगतेय, कारण पुढे याच गोष्टीवरून मी त्यांना बोलले.

मी एकोणीस वर्षांची झाले तेव्हा आबांची नोकरी संपत आली होती. मार्चअखेर निवृत्ती, मग क्वार्टर खाली करायचं आणि साताऱ्याकडे गावी जायचं. गावी चुलत्यांनी माझ्यासाठी स्थळ बघून ठेवलं होतं. त्यांचं पत्र आलं होतं : "मुलगा पाहण्यात आहे. तुम्ही आलात की आठवड्यात सुपारी फोडू." मुलगा वाईट नव्हता, हे मी आज म्हणते. तेव्हा मला तो दिसतच नव्हता. मला दिसत होती फक्त ती सुपारी.

सुटकेची वाट एकच होती. एका सरकारी कंपनीत खेळाडूंच्या कोट्यातून कारकुनाच्या जागा निघाल्या होत्या. अट एवढीच, की राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्याचं सर्टिफिकेट हवं. नोकरी लागली असती तर कुठेतरी दोन खोल्या घेऊन आई, आबा आणि मी दिल्लीतच राहिलो असतो, आणि माझं कॉलेजही सुटलं नसतं. आमच्या शेजारचे सुभेदार काका रोज पेपर वाचून बजावायचे, "पोरी, या खेपेला जमव. आता सगळं प्रायव्हेट होणार. सरकारी भरती म्हणजे बिल्कुल शेवटची बस समज." राष्ट्रीय स्पर्धेला पाठवणारी पात्रता फेरी जानेवारीत होती. चार दिवसांत सात डाव, आणि पहिले चार जण पुढे जाणार.

ती फेरी गुडगावला होती. तिथे तेव्हा मोहरीच्या शेतात उंच इमारती उगवू लागल्या होत्या. एका बिल्डरने आपल्या नव्या कॉलनीच्या क्लब हाउसचा हॉल जाहिरातीसाठी फुकट दिला होता. आम्ही कँटमधून धौला कुआँ, तिथून हरियाणा रोडवेजची बस आणि मग धुक्यातून चालत जायचो. इमारतींना अजून गिलावा नव्हता, पण क्लब हाउसला कारंजं होतं. कारंज्यात पाणी नव्हतं. हॉलमध्ये ताज्या रंगाचा वास इतका, की पहिल्या दिवशी दोघांना उलटी झाली. बिल्डरचा माणूस पालकांना फ्लॅटचे रंगीत कागद वाटत फिरायचा. आबांनीही एक घेतला आणि नीट घडी करून खिशात ठेवला. कशाला, देव जाणे.

खेळायला आलेल्यांत नाना तऱ्हा होत्या. इंग्रजी शाळांतली ब्लेझर घातलेली मुलं, त्यांच्या आया आणि त्यांचे थर्मास. बँकेतले दोन बाबू, जे हरले की एकमेकांना साहेबांच्या तक्रारी सांगायचे. एक निवृत्त मास्तर चाल केली की डुलकी काढायचे आणि घड्याळाच्या टिकटिकीनेच जागे व्हायचे. मुली आम्ही चौघी. सगळ्यांच्या तोंडावर एकच भाव, की यंदा नाही तर कधीच नाही. हसत कुणी नव्हतं.

मी जीव ओतून खेळले. रात्री झोप येत नव्हती, जेवण जात नव्हतं. आई देवापुढे तासन् तास बसायची आणि मला ते बघवायचं नाही. सहा डाव झाले तेव्हा गणित साफ होतं. शेवटचा डाव जिंकले तर मी चौथी. बरोबरी झाली तरी घरी. आणि माझ्यासमोर जे येणार होते, त्यांचंही गणित नेमकं हेच होतं.

ते करोल बागेत गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवायचे. चाळिशी उलटलेली, हाताने विणलेला स्वेटर, बोटांत दोन खड्यांच्या अंगठ्या. बसल्याबसल्या त्यांनी खिशातून बडीशेपेची डबी काढली. "बेटा, सौंफ लोगी?" मी नाही म्हटलं. मग स्वतःच्या तोंडात टाकत ते म्हणाले, "बारह साल से आ रहा हूँ. हर बार एक नंबर पीछे रह जाता हूँ." त्यांनी हे मला घाबरवायला सांगितलं नव्हतं, हे मला कळत होतं. तरी मला त्यांचा भयंकर राग आला. बारा वर्षं थांबलात ना, अजून एक थांबा की, असं मनात आलं. मला तर उद्याच नव्हता.

पांढऱ्या सोंगट्या मला आल्या. मी मागे पाहिलं. आबा खिडकीपाशी उभे होते, अंगात फौजेची हिरवी जर्सी, हात मागे बांधलेले. खुर्च्या होत्या, पण ते चारही दिवस उभेच राहिले. त्यांनी मान हलवली. सकाळी बसमध्ये त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "घाई करायची नाही."

डाव चार तास चालला. वजीर मारले गेले, हत्ती गेले, घोडे-उंट गेले. उरले दोघांचे राजे आणि थोडी प्यादी. माझं एक प्यादं डावीकडच्या कडेने वर चाललं होतं, त्यांचं एक उजवीकडच्या कडेने खाली येत होतं. नुसती शर्यत. मी दहादा मोजलं. मी एक पाऊल पुढे होते. माझं प्यादं शेवटच्या घरात गेलं की त्याचा वजीर होणार, आणि तो वजीर तिथूनच तिरका सगळा पट ओलांडून त्यांच्या प्याद्याचं शेवटचं घर धरणार. त्यांचं प्यादं तिथे पोचलं की मी ते मारणार. संपलं. मी जिंकले होते. मला वाटलं, आता मी रडणार.

तेवढ्यात वीज गेली. धुक्याने हॉलमध्ये आधीच अंधार होता. कुणीतरी जनरेटर सुरू करायला धावलं. घड्याळं चावीची, ती कुणासाठी थांबतात! माझ्या काट्याजवळचं लाल निशाण उचललं गेलं होतं, ते पडलं की वेळ संपली. जनरेटर धडधडला, दिवे आले, आणि मी प्यादं शेवटच्या घरात ढकललं. आता वजीर ठेवायचा. मारल्या गेलेल्या माझ्या सोंगट्या समोर त्यांच्या कोपराशी रांगेत होत्या. माझा पांढरा वजीर तिथेच होता. त्याच्या शेजारी माझा हत्ती होता.

मी हात लांब केला, हत्ती उचलला, उलटा करून त्या घरात ठेवला आणि घड्याळ दाबलं.

मला काही चुकल्यासारखं वाटलंच नाही. माझ्या डोळ्यांना तो वजीरच दिसत होता. बाहेरच्या स्पर्धांत मी खऱ्या वजिरानेच खेळायचे, पण तो सुरुवातीपासून पटावर असायचा. प्याद्याचा वजीर करायची वेळ येईपर्यंत समोरचा हार मानायचा. अशा क्षणी बाहेरच्या पटावर मी कधी हात घातलाच नव्हता. घरी मात्र शेकडो वेळा घातला होता.

समोरचे गृहस्थ पटाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. त्यांनी ओठ ओले केले, घड्याळ थांबवलं आणि हात वर केला. पंच आले. गळ्यात मफलर गुंडाळलेले, कधीकाळी शाळेत खेळ शिकवणारे वयस्क गृहस्थ. त्यांनी पट पाहिला, वाकून तो मोहरा पाहिला आणि म्हणाले, "उल्टा हो या सीधा, हाथी तो हाथी ही है."

"सर, सबको पता है ये वज़ीर है," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"पता होने से क्या होता है, बेटा? आपने घड़ी दबा दी."

"सर, प्लीज."

हॉलमधले बाकीचे डाव थांबले होते. मागून बुटांचा आवाज आला. आबा खिडकीपासून निघून थेट आमच्या टेबलापाशी आले होते. त्यांनी पाय जुळवले, साहेबापुढे उभे राहतात तसे. "साहब, ग़लती मेरी है. मैंने ही ऐसा सिखाया. सज़ा बच्ची को मत दीजिए."

"आप पीछे जाइए," पंच म्हणाले. उद्धटपणे नाही, पण म्हणाले. पंचवीस वर्षं नोकरी केलेला माझा बाप सगळ्या थर्मासवाल्या आयांसमोर वळला आणि मागे गेला. त्या क्षणी मला त्यांची दया यायला हवी होती. मला त्यांची लाज वाटली. हे लिहिताना हात अडखळतो, पण खरं तेच आहे.

पंचांनी तो हत्ती सुलटा केला आणि घड्याळ चालू केलं. हत्ती तिरका चालत नाही. त्यांच्या प्याद्याला आता कुणी अडवणारं नव्हतं. त्यांनी ते शेवटच्या घरात नेलं. त्यांचा मारला गेलेला काळा वजीर माझ्या बाजूला पडलेला होता. त्यांनी हळूच हात पुढे केला. "बेटा, वो काला वज़ीर देना ज़रा."

तो मीच उचलून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो ठेवला, आणि आता तो तिरका, सगळा पट ओलांडून, माझ्या हत्तीवर रोखलेला होता. हातातोंडाशी आलेला घास गेला होता. मी राजा आडवा केला. त्यांनी "माफ़ करना, बेटा" म्हटलं आणि चष्मा काढून डोळे पुसले. बारा वर्षांनी त्यांचा नंबर लागला होता. मी त्यांना बरीच वर्षं शिव्या घातल्या. आता घालत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही पंचांना बोलावलं असतं, आणि बडीशेपही दिली नसती.

 परतीच्या बसमधून धौला कुआँला उतरल्यावर आबा म्हणाले, "चहा घेऊ या?" आणि माझा बांध फुटला. रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर मी ओरडले, "सगळ्या फौजेच्या गाड्यांचे भाग करता तुम्ही! अकरा वर्षांत एक वजीर नाही करता आला माझ्यासाठी?"

त्यांनी दोन चहा सांगितले. मी घेतला नाही, तेव्हा माझाही त्यांनीच संपवला.

निवृत्तीच्या आधीच्या शनिवारी ते घरी आले तेव्हा हातात सुती चिंध्यांची पुरचुंडी होती. सामान बांधायचं चाललं होतं, खोलीभर ट्रंका पसरल्या होत्या. त्यांनी पुरचुंडी सोडली. आत पितळेचा वजीर होता. लेथवर कातलेला, मुकुटाचा एकेक दात कानशीने घासलेला, तळाला हिरव्या लोकरी बनातीची चकती चिकटवलेली. इतका सुरेख वजीर मी त्यानंतरही कुठे पाहिला नाही. आई ट्रंकेवरून मान वर न करता म्हणाली, "बैल गेला अन् झोपा केला." ती वाईट मनाने बोलली नव्हती, पण आबांचा हात थोडा थांबला.

मग त्यांनी पट मांडला. उलटा हत्ती काढून बाजूला सुलटा ठेवला आणि वजिराच्या घरात पितळी वजीर उभा केला. "आता समोरच्यालाही कळेल," ते म्हणाले. "चल, एक डाव."

मी नको म्हटलं आणि भांडी कागदात गुंडाळत राहिले.

आठवड्याने आम्ही गावी गेलो. सुपारी फुटली. वैशाखात लग्न झालं. सासरी जाताना पितळी वजीर तेवढा मी बरोबर नेला. रागाने नेला की मायेने, ते मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

दिवाळीला माहेरी आले तर ओसरीवर पट मांडलेला होता. गावात आबांना जोडीदार कुठला मिळणार? एकटेच दोन्ही बाजूंनी खेळायचे, असं आईने सांगितलं. पांढऱ्या वजिराच्या घरात पुन्हा तो हत्ती होता, उलटा.

"वजीर आणलास?" त्यांनी विचारलं.

मी आणला नव्हता. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"राहू दे," ते म्हणाले. "आपल्याला कळतंय."

मी पांढऱ्या बाजूला जाऊन बसले. दोघांपैकी कुणीच चाल केली नाही. आई जेवायला हाक मारेपर्यंत आम्ही तसेच समोरासमोर बसून होतो.