तापानं गेली म्हणून सांग

"बायको तुझी मेली, माझं खळं मेलं का रं?"

पाटील ओरडत होता भिवाच्या दारात. ओरडणं असं की प्रवरेपल्याडची म्हसरं उधळली असतील. भिवा आत भिंतीला टेकून बसला होता. पायाला मसणवट्यातली माती तशीच. तासाभरापूर्वी त्यानं बायकोला माती दिली होती.

मी त्याच्यासमोर भाकर घेऊन बसलो होतो. मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजाऱ्यानं भाकर न्यायची, दुखातल्या माणसाच्या तोंडात दोन घास घालायचे. त्याला आम्ही कडू घास म्हणतो. पण भिवाच्या बायकोनं, गयाबाईनं, स्वतःहून जीव दिलेला. असल्या घरचा कडू घास करावा का नाही, यावर महारवाड्यात सकाळपासून खल चाललेला. माझी बायको म्हणाली, "खल त्यांना करू द्या, भाकर मी करते." ती भाकर मी आणली होती.

पाटलानं उंबरा ओलांडला नाही. विटाळ होतो ना. पण त्याचा जोडा ओलांडू शकतो. दारातूनच असा भिरकावला की माझ्या पुढ्यातलं थाळं भिंतीवर आपटलं. भाकर शेणामातीत.

"उद्या दिस उगवायला बैल मेढीला पायजेत," पाटील म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "आन तू, थापाड्या. घोडेगावला जा. हिच्या भावाला सांग, तापानं गेली. दोन दिस ताप हुता, तिसऱ्या दिशी गेली. खोटं बोलायला तुझ्याइतका खरा मानूस पंचक्रोशीत न्हाई."

बरोबरचे गडी हसले. मीही हसलो. सवय.

आता माझी ओळख सांगतो, म्हणजे पाटलानं मलाच का धरलं ते कळेल. गावात मयत झालं की सोयऱ्यांच्या गावाला सांगावा न्यायचं काम महाराचं. ऊन असो, चिखल असो, घुंगराची काठी घ्यायची आणि पळायचं. सांगावा पोचेपर्यंत पाणी प्यायचं नाही. पोचल्यावर दारात उभं राहायचं, सांगायचं, आणि रडारडीतून कुणाला आठवण झालीच तर शिळा तुकडा पदरात घ्यायचा. गावाचे असले सांगावे मी इतके नेले की यमाला वाट विचारायची झाली तर त्यानं मला विचारावी. आणि वाटेवर थापा मारत जायचो. माझ्या आज्यानं वाघाला कानाला धरून नदी ओलांडली, हे घोडेगावच्या बाजारात बैलवाल्यांना मी इतक्या वेळा सांगितलं की एकदा एक जण मलाच सांगायला लागला. मी मन लावून ऐकलं. वाघ दोन होते म्हणाला.

पाटलाला भीती एकाच गोष्टीची होती. गयाबाईचा भाऊ शिवराम पलटणीत होता. लढाईवरून रजेवर आलेला. गोऱ्या साहेबासमोर उभं राहून बोललेला माणूस. म्हणून तर पाटलानं सांगावा धाडायच्या आत माती उरकून घेतली. माहेरचं माणूस आल्याबिगर बाईला माती देत नाहीत. ही रीत पाटलालाही ठाऊक होती. त्याच्या घरातही तीच पाळतात.

झालं काय होतं, तर ज्वारीची काढणी संपली होती. रिकाम्या रानात सांडलेली कणसं वेचणं, म्हणजे सरवा, हा आमच्या बायांचा हक्क. पिढ्यान्‌पिढ्यांचा. गयाबाई ओटीत सरवा घेऊन खळ्यावरून चालली होती. पाटलाचा धाकटा भाऊ म्हणाला, राशीतलं चोरलं. ती म्हणाली, रानातलं हाय, बघा. तो म्हणाला, बघतोच. आणि बघितलं. भर खळ्यात, साऱ्या गावासमोर, पदर धरून बघितलं. ओटीची गाठ सुटली तरी त्याचं बघणं थांबेना. कणसं पायाखाली सांडली. भिवा तिथंच, मळणीच्या खांबाभोवती, मेढीभोवती बैल फिरवत होता. एक पाऊल पुढं टाकलं तर पाटलाच्या गड्यानं बैल हाकायच्या पराणीची आर, तिचं लोखंडी टोक, त्याच्या खांद्यात घुसवली. हाडापर्यंत. आणि वर हुकूम, बैल थांबले तर चामडी सोलीन.

बैल थांबले नाहीत.

गयाबाई घरी आली. भिवाचा खांदा धुतला, हळद भरली. त्याला जेवू घातलं. सकाळी ती नव्हती. कशी गेली ते मी सांगणार नाही. तेवढं ऐकायला गावाच्या तोंडाला फार पाणी सुटलेलं मी पाहिलंय.

पाटील गेल्यावर मी भाकर उचलली. माती झटकली. म्हटलं, "भिवा, एक घास."

त्यानं तोंड फिरवलं.

दाराशी बसलेली म्हातारी चुलती म्हणाली, "बाईमानसानं इतका राग धरू नये बाबा. बघ दुसरी, वरीस सरलं की."

मी म्हणालो, "काकू, तुमी घरी जावा. तुमची कोंबडी अंडी घालाया तुमाला हुडकतीया."

ती गेली. मग मी माझं एकमेव हत्यार काढलं. थापा. गयाबाई लहानपणी कशी वळूवर बसून घोडेगावच्या बाजारातून फिरली, आणि वळू कसा लाजला, हे रचून सांगितलं. कधी नव्हे ती माझीच जीभ मला मेलेल्या उंदरासारखी वाटली.

तेव्हा भिवा बोलला. "कासरा माझ्या हातात हुता दादा. सोडला असता तर?"

थाप मारावी तर तो खरं मागत होता. मी त्याच्या खांद्याची जखम बघितली.

"कासरा तुझ्या हातात हुता," मी म्हणालो. "पदर कुनाच्या हातात हुता, ते बोल."

भिंतीला टेकवलेलं डोकं त्यानं माझ्या मांडीवर आणून टाकलं आणि असा आवाज काढला की तसा माझ्या गोष्टीतल्या वाघानंही कधी काढला नाही. मी त्याला गप हो म्हणालो नाही. तू पुरुष आहेस, हेही म्हणालो नाही. धरून बसलो. मग माझ्या बायकोला त्याच्यापाशी बसवलं, त्याला एकटं सोडू नको म्हणालो, आणि काठी घेऊन निघालो.

वाटेनं खोटं जुळवत चाललो. हुकूमच होता. ताप कसा? असा की कपाळावर भाकर भाजावी. उशाचं पाणी उकळावं. मजा यायला लागली मला, देवाशपथ. आणि चालता चालता मला पाटलाचे ते गडी आठवले, हसणारे. मीही त्यांच्याबरोबर हसलो होतो. पाटलानं माझी जमीन घेतली नव्हती, ती नव्हतीच. पाणवठा कधीच आमचा नव्हता. आमची जनावरं, आमचे पाय, सगळं गावकीत जुंपलेलं. एक जीभ तेवढी मोकळी होती. तिलाही आज दोर बांधला. आणि कासरा धरून मीच निघालोय, तिच्या भावाच्या दारात तिला दुसऱ्यांदा पुरायला.

शिवराम दारात उभा होता. काठीचा आवाज ओळखून सगळं घर बाहेर आलं.

मी एक शब्द वाढवला नाही. "गयाबाई गेली. खळ्यावर पाटलाच्या भावानं पदर फेडला. तिनं रातीत जीव दिला. मला तापानं गेली म्हून सांगाया धाडलंय."

शिवराम आत गेला, पलटणीचे बूट चढवून आला. तिच्या आईला आधी पाणी पाजलं. मग म्हणाला, "चला."

चावडीवर पाटलाला त्यानं जोहार घातला नाही. नुसतं विचारलं, "माझी बहीण कशानं मेली?"

पाटलानं माझ्याकडं पाहिलं. अजून आशा होती त्याला माझ्या जिभेची.

मी म्हणालो, "तुमच्या भावानं. सगळ्या खळ्यानं बघितलं."

मग काय, काठ्या. तिघांनी मला चावडीच्या पायरीवर घातलं. जोडे, लाथा, पराणीचा दांडा. शिवरामनं एकाचं मनगट मोडलं, ते मोडल्याचा आवाज अजून माझ्या कानात गोड लागतो. लोकांना मी सांगतो, माझे सात दात पडले. पडला एकच. पण तो गिळला नाही. घुंगराच्या काठीसकट पाटलाच्या पायाशी टाकला.

"काठी घ्या," मी म्हणालो. तोंड रक्तानं भरलेलं. "आजपासनं गावाचा एकबी सांगावा महारवाडा नेनार न्हाई. तुमची मढी, तुमीच सांगा."

मागं बघितलं तर वाड्यातली माणसं आली होती. सकाळी कडू घासावर खल करणारीसुद्धा. सगळ्यांत पुढं भिवा. त्यानं पाटलाच्या बैलांचे कासरे आणले होते. ते काठीवर ठेवले आणि वळून चालू लागला.

शिवरामनं नेवाशाला जाऊन फिर्याद दिली. फौजदार आला, पाटलाकडं जेवला, गेला. गावानं आमचं दळण बंद केलं, रान बंद केलं. आम्ही उपाशी राहिलो. काठी कुणी उचलली नाही. भिवा त्या दिवसांत घास घेऊ लागला, आधी माझ्या बायकोच्या हातचा, मग आपल्या. गयाबाईचं नाव मात्र मी त्याच्यापुढं रोज काढायचो, मुद्दाम. तिचं नाव गावानं पुरायचं ठरवलेलं.

उन्हाळ्यात पाटलाची आई मेली. पाटील स्वतः महारवाड्याच्या तोंडाशी आला. सावलीत उभा राहिला, इकडं तिकडं बघत. "मिरजगावला लेक हाय माझी," तो म्हणाला. "कुनीतरी जायला पायजे रं. तिला आजीचं तोंड तरी दिसावं."

मी उठलो. या घडीसाठी एक भाषण मी किती दिवस घोळवून ठेवलं होतं, त्यात वाघही होता.

भिवा दारात दोर वळत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

"वाट सरळ हाय," तो म्हणाला. "तुमी जावा."