नाना स्क्रीन बंद करून उठायचे

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी धरणगावच्या आमच्या तहसील कार्यालयात, त्यांच्या शेजारच्या टेबलाशी होते. सकाळी चहा घेतला आणि... एवढंच त्यांचा जावई बोलू शकला. मी उठले, तशी बोटं आपोआप कीबोर्डच्या दोन कळांवर गेली आणि स्क्रीनला कुलूप लागलं. ही सवय नानांची.

नाना आमचे अव्वल कारकून. पिंप्राळ्याहून आम्ही बारा वर्षं एकाच बसने जा-ये केली. बाकी सगळ्यांचे पासवर्ड टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर असत. कोणी रजेवर गेलं तर काम अडू नये म्हणून. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे. नाना मात्र पाणी प्यायला उठले तरी स्क्रीन बंद करूनच उठायचे. नाना, माठापर्यंत जाताय की मुंबईला, असं आम्ही चिडवायचो. ते हसायचे, पण चिठ्ठी काही लिहिली नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी त्यांच्या छातीत कळ आली. बाहेर दाखल्यांसाठी माणसं ताटकळलेली, माझा कॉम्प्युटर बंद पडलेला. मीच म्हटलं, तुमचा चालू राहू द्या, उरलेले दाखले मी काढते. दारापर्यंत गेलेले नाना वळले, स्क्रीनकडे पाहिलं... आणि डॉक्टरकडे गेले. एका बाईंची कागदपत्रं झेरॉक्सवाल्याच्या पेनड्राइव्हमध्ये होती. बाहेरचा पेनड्राइव्ह लावायचा नाही, हे मला पाठ होतं. तरी लावला. त्यातून व्हायरस शिरला आणि तासाभरात स्कॅन केलेल्या जुन्या नोंदींची एकही फाइल उघडेना.

लॉगिन नानांचं, म्हणून चौकशीची नोटीसही त्यांच्याच नावाने आली. मी खरं सांगते म्हटलं, तर बसमध्ये ते अहिराणीवर आले. मनातलं बोलायचं असलं की यायचे. "खुर्ची मनी शे, नाव मनं शे. तुनं नाव कसाले?" खुर्ची माझी, नाव माझं, मग तुझं कशाला, असं. आणि मी गप्प बसले. नोकरी, घराचे हप्ते, मुलीचं शिक्षण... कारणं सगळी खरी होती. लाजही तितकीच खरी आहे. निवृत्तीला चार महिने उरलेला माणूस हळूहळू बसमध्ये बोलेनासा झाला.

दहाव्यानंतर मी साहेबांना लेखी दिलं, की चूक माझी, नानांचं नाव मोकळं करा. साहेबांनी वाचून कागद परत सरकवला. "ताई, माणूस गेला, चौकशी बंद झाली. आता ती कोण उघडणार?" मी तो कागद आवक टेबलावर देऊन शिक्का घेतला. पुढे काही झालं नाही. नानांच्या पत्नीला, अक्कांना, सगळं सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "मग तसं कागदावर कोणी लिहून देईल का?"

नानांचा कॉम्प्युटर दुरुस्त होऊन आलाय. त्यांचं खातं काढायचं राहून गेलंय. सकाळी शिपाई बटणं लावतो तेव्हा त्यावर नानांचं नाव उमटतं आणि खाली पासवर्डची रिकामी चौकट. त्यांचा पासवर्ड मला माहीत नाही. त्या दुपारीही नव्हता. त्यांनी फक्त चालू ठेवून दिलं होतं, माझ्या भरवशावर.