रॉइस हॅचरचा स्टीलवाला

व्हर्लिन स्टिडमने गायक रॉइस हॅचरच्या मागे बसून एकोणीस वर्षं स्टील गिटार वाजवली, म्हणजे आडवी मांडून तारांवर पोलादी कांडी फिरवत वाजवायची ती गिटार. मागे म्हणजे अगदी मागे, ड्रमच्या डाव्या अंगाला, जिथे दिवे पोचत नाहीत. रॉइस पुढे उभा राहून गायचा, बायका किंचाळायच्या, पण त्याआधी सुरांची जी रडवेली ओळ वाजायची ती व्हर्लिनची असायची. हे कुणाला ठाऊक? बसमधल्या सहा जणांना आणि देवाला.

कारण रेकॉर्डवर व्हर्लिन कधीच नव्हता. नॅशव्हिल हे गाण्यांच्या धंद्याचं गाव, आणि तिथली रीतच तशी. बसमधून गावोगाव हिंडून हाडं खिळखिळी करून घेणारे वेगळे आणि स्टुडिओत बसून रेकॉर्ड करणारे वेगळे. स्टुडिओवाले सकाळी दहाला यायचे, तीन तासांत चार गाणी उरकायचे आणि घरी जेवायला जायचे. मग ती रेकॉर्ड बसमध्ये यायची आणि या बापड्यांनी ती ऐकून ऐकून घोटायची. परक्याचं उष्टं आपल्या ताटात! व्हर्लिनने तेही गिळलं. त्याला ना दिवे हवे होते, ना टाळ्या. मरायच्या आधी एका तरी रेकॉर्डवर आपला हात वाजावा, एवढंच त्याचं मागणं होतं.

एकोणऐंशी साली ते जुळून आलं. रॉइसच्या एका नव्या गाण्याची सुरुवात व्हर्लिननेच बसवली होती. केंटकीच्या डोंगरातल्या त्याच्या चर्चमध्ये वाद्यं नसतात. एक म्हातारा ओळ सांगतो आणि सगळे जण ती आपापल्या सवडीने ओढत म्हणतात. कुणी आधी पोचतो, कुणी मागून. व्हर्लिन तसंच वाजवायचा. वरच्या सुरावर जरा उशिरा यायचा, दारात घुटमळणाऱ्या पाहुण्यासारखा. जत्रेतले दारू प्यायलेले लोकसुद्धा तेवढ्यापुरते गप्प व्हायचे.

"या खेपेला रेकॉर्डवर तूच," रॉइस म्हणाला. "निर्मात्याला ठणकावून सांगितलंय मी."

व्हर्लिनने घरी फोन लावला. "नेडीन, माझा पांढरा शर्ट इस्त्री करून ठेव."

"का? कोण मेलं?" बायकोने विचारलं.

"कुणी नाही गं. मी रेकॉर्डवर येतोय!"

स्टुडिओत त्याने ती ओळ तीनदा वाजवली. काचेपलीकडून निर्माता म्हणाला, "झकास!" बाकीचे कॉफी प्यायला गेले, तेव्हा तिथला नेहमीचा स्टीलवाला गार्लंड प्रुइट खुर्ची ओढून शेजारी बसला. "भाऊ, ते वरचं वळण घेतोस कसं? आपल्याला नाही बुवा जमत."

आता वाजवणाऱ्यांत एक नियम आहे. कुणी सुरावट मागितली तर दाखवायची. नाही म्हणणारा हलकट. व्हर्लिन स्वतः गावच्या न्हाव्याच्या दुकानात असाच मागून मागून शिकला होता. त्याने दाखवली. एकदा भरभर, एकदा सावकाश, आणि तिसऱ्यांदा गार्लंडचा हात धरून. गार्लंडने दहादा आभार मानले. गोडबोल्या मेला!

मार्चमध्ये बस आर्कान्सातून चालली असताना ड्रायव्हरने रेडिओ मोठा केला. तेच गाणं! सगळी बस उठून उभी राहिली. ड्रमवाल्या हॉइटने पाठीत धपाटा घातला. "अरे लेका, हा तू!" व्हर्लिनही हसत होता. मग वरचा सूर आला. वेळेवर आला, अगदी घड्याळ लावून. व्हर्लिनचं हसू तसंच तोंडावर राहिलं, कारण त्याचं काय करावं हे त्याला सुचेना. बसमध्ये टाळ्या चालू होत्या आणि काय झालंय ते त्याला एकट्यालाच कळलं होतं.

तो मागे रॉइसच्या बाकाशी गेला. "तो मी नाही."

रॉइस बुटातून पाय काढत होता. त्याने वर पाहिलं नाही. "निर्माता म्हणाला, ओळ सोन्यासारखी आहे, पण जरा साफ हवी. मग दुसऱ्या दिवशी गार्लंडने..."

"त्याला मीच शिकवली रे."

"मग चांगली शिकवलीस की!" बूट बाकाखाली सारून तो म्हणाला, "आणि हे बघ, गाणं चाललंय. आता लोक रेकॉर्ड ऐकून येणार. तूही तसंच वाजव. साफ."

दुसरा कुणी असता तर तिथेच बस थांबवून उतरला असता. पण एक्कावन्नाव्या वर्षी, एक गुडघा धरलेला माणूस उतरून जाणार कुठे? व्हर्लिनने कॅसेट घेतली. उन्हाळाभर कानाशी टेपरेकॉर्डर धरून तो आपलीच ओळ दुसऱ्याच्या हातून शिकला. लाज वाटत होती, तरी शिकला. ऑगस्टमध्ये एका जत्रेत रॉइसने वळून अंगठा दाखवला. "आता कसं! हुबेहूब!"

ऑक्टोबरमध्ये तो घरी आला. स्वयंपाकघरात नेडीन मक्याचा पाव भाजत होती. व्हर्लिनने पुढच्या खोलीत गिटार मांडली, डोळे मिटले आणि ती ओळ आपल्या जुन्या चालीने वाजवायला घेतली. वरचा सूर वेळेवर आला. पुन्हा घेतली, पुन्हा वेळेवर. मुद्दाम उशीर करून पाहिला, तर तो मोजून केलेला उशीर वाटला, खोटा. सहा वेळा झालं, सात वेळा झालं.

आतून नेडीन ओरडली, "व्हर्लिन, बंद कर तो रेडिओ! सहा महिने झाले, दिवसभर तेच ऐकून कान किटले माझे!"

व्हर्लिनने तारांवर तळवा आडवा टेकवला.

"केला गं बंद," तो म्हणाला.