घरटी एक माणूस

पेणच्या एसटी स्टँडवर बाबांनी माझी बॅग पुण्याच्या गाडीत चढवली आणि खिडकीखाली उभं राहून तिसऱ्यांदा घड्याळ बघितलं. त्यांना रोह्याची गाडी पकडायची होती. तिथल्या एका कंपनीत ते तेव्हा अठरा वर्षं कंत्राटावर होते. कंत्राटदार बदलायचे, बाबा तेच. मी म्हटलं, "जा तुम्ही, गाडी चुकेल." तर म्हणाले, "तुझी सुटू दे आदी." आणि सुटता सुटता, इतका वेळ तोंडात धरून ठेवलेलं एकदाचं बोलले, "सांगतील ते कर. नाय म्हनू नको. आनि पर्मनंट करतात काय ते इचार."

पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीत दोन महिन्यांची इंटर्नशिप होती. एमबीएचं पहिलं वर्ष पनवेलला जाऊन-येऊन केलेलं, त्यामुळे घर सोडून राहायची ही पहिलीच वेळ. काम आवडलं तर कंपनी शेवटच्या दिवशीच नोकरीचं पत्र देते, असं सीनियर सांगायचे. ते मी घरी बोलायला नको होतं. बाबांनी त्यातून एकच शब्द उचलला, आणि माझ्या दोन महिन्यांवर त्यांची अठरा वर्षं येऊन बसली.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघाले, त्यांना पहिल्या आठवड्याचं वेगळं काय सांगू? आईने दिलेले पोह्याचे पापड मी पीजीच्या मायक्रोवेव्हमध्ये भाजायला गेले आणि मजलाभर धूर केला. ऑफिसात मॅनेजरबाईंना नुसतं 'ऋतुजा' म्हणायचं होतं. माझी जीभ वळेना. दोन महिने मी त्यांना कसलीच हाक न मारता काढले. समोर जाऊन उभी राहायची, त्या वर बघेपर्यंत.

सगळंच वाईट होतं असं मुळीच नाही. लहान गावांतल्या दुकानदारांना फोन करायचे, त्यांच्या तक्रारी गोळा करायच्या, त्यावर प्रेझेंटेशन करायचं, असं माझं काम होतं. रोह्याचा एक दुकानदार दोन वाक्यांत फोन ठेवणार होता. माझं बोलणं ऐकून थांबला. "तू आपल्याकडची काय गो? मंग खरं सांगतो." अर्धा तास तो बोलत होता. ऋतुजांनी माझ्या त्या नोंदी मीटिंगमध्ये सगळ्यांना वाचून दाखवल्या. मी दिवसभर हवेत होते. संध्याकाळी घरी फोन केला आणि म्हटलं, बहुतेक होईल.

आता आमच्या बांधाचं सांगायला हवं. आमचं गाव धरमतरच्या खाडीकाठी. भाताची शेतं आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा एक बांध, बस्स. मे महिन्यात तो दुरुस्त करायचा. उधाणाच्या भरतीला खांड पडली, म्हणजे बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं, तर हातातलं टाकून धावायचं. घरटी एक माणूस. नामदेवकाका दारोदार हाक मारत जातात. बाबा रोह्याला, आईचा गुडघा दुखरा, म्हणून दहावीपासून आमच्या घरचं माणूस मी. रांगेत उभं राहून चिखलाची ढेकळं हातोहात पुढे द्यायची. खांड कुणाच्या शेतासमोर पडली, हे कुणी विचारत नाही. ती बुजली की अख्खी रांग पुढच्या कच्च्या जागेकडे सरकते. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, त्यामुळे सगळीकडे असंच असतं असं मी धरून चालले होते.

शेवटचा रिव्ह्यू शुक्रवारी होता. मंगळवारी माझ्या शेजारी बसणारी श्रेया, तीही इंटर्नच, तोंड झाकून रडत होती. तिच्या फाइलमधली निम्मी माहिती पुसली गेली होती. मी माझा लॅपटॉप मिटला आणि खुर्ची तिच्या टेबलाला लावली. पुढचे दोन दिवस तिचे फोन मी केले, तिचे तक्ते मी भरले. माझं प्रेझेंटेशन अर्धवट पडलं होतं आणि खरं सांगते, मला त्याची काळजीच वाटली नाही. तिचं झालं की आता माझ्याकडे येतील, इतकं ते सरळ होतं.

गुरुवारी संध्याकाळी श्रेयाने मला मिठी मारली. "तू नसतीस तर मेलेच असते," म्हणाली, मला कोल्ड कॉफी आणून दिली आणि घरी गेली. बाकीचे कानात हेडफोन घालून आपापलं करत होते. मी चक्क दाराकडे बघत बसले. श्रेयाला मी आजही दोष देत नाही. मी हाक मारलीच नव्हती, तिला ऐकू कुठून येणार? आमच्याकडे स्वतःसाठी हाक मारावी लागत नाही.

शुक्रवारी ऋतुजांनी माझ्या सहा स्लाइड बघितल्या आणि विचारलं, "बाकीचं?" मी खरं ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. "मदत केलीस ते चांगलंच. पण तुझं काम कुणी करायचं होतं?" श्रेयाला पत्र मिळालं, मला सर्टिफिकेट आणि कंपनीचं नाव छापलेली पाण्याची बाटली. राग आला नाही. फक्त झोपावंसं वाटलं.

घरी फोन केला तर मी बोलायच्या आधी बाबाच म्हणाले, बुधवारी खांड पडली, तुझी आय गेलेली बांधावर. तो गुडघा घेऊन. लोकांनी तिला कडेला बसवलं, रांगेला पाणी द्यायला लावलं आणि आमच्या वाटणीची ढेकळं आपसात वाटून घेतली. मी माझं काही सांगितलं नाही.

रविवारी घरी जाऊन सांगितलं. बाबा अंगणात सायकलच्या चेनला तेल घालत होते. सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता पर्मनंटचं काढतील.

"ती पोर रडत होती ना?"

"व्हय."

"मंग काय बघत बसनार होतीस?"

आणि पुन्हा चेन फिरवायला लागले. पण त्यानंतर वर्षभर त्यांनी तो शब्द काढला नाही. मला त्याचंच जास्त लागलं.

आता मी पुण्यातच दुसऱ्या कंपनीत आहे. पर्मनंट. ते पत्र बाबांनी पेणला नेऊन लॅमिनेट करून आणलं. स्वतःच्या खुर्चीवरून न उठायला मी शिकले आहे. कुणी तोंड झाकून बसलेलं अजूनही दिसतं, मग मी स्क्रीनकडे बघते. स्वतःची लाज वाटते, तेवढ्यात पुढचा कॉल लागतो. तीन वर्षं झाली, मी फार थकले आहे.

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. नामदेवकाका हाक मारत आले आणि आमचं दार सोडून पुढे गेले. "समजून घेतात गो लोकं. बाबा रोह्याला, माझा गुडगा हा असा, तू तिकडं. कोन जानार?" ती खुशीत सांगत होती. मी समोरचं ताट बाजूला सरकवलं. इथे मला कुणी हाक मारत नाही, त्याची सवय झाली होती. इतकी वर्षं मला वाटायचं, घर म्हणजे आई, तिचे पापड, खाडीवरचा वारा. ते सगळं अजून तिथेच आहे. पण त्या रांगेत माझी एक जागा होती, आणि ती त्यांनी न बोलता, मायेने, बुजवून टाकली.

मी नामदेवकाकांना फोन लावला. म्हटलं, "काका, आमच्या दारात पन हाक मारा. मी येतेय."

"पुन्यासून?" ते हसले. मग म्हणाले, "अमावस्येचं उधान हाय. आदल्या दिशी ये. हात मऊ झालं असतील तुझं, पयल्या दिवशी मधी उभी ऱ्हा."

रजेचा अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात आधी 'वैयक्तिक' लिहिलं, ते पुसून 'घरचं काम' लिहिलं. त्याच दिवशी रिव्ह्यू आहे, त्यामुळे रजा अजून मंजूर झालेली नाही. पेणचं तिकीट मी काढलंय.