सोलापूरहून कोडोलीला, गाडी बघायला

सोलापूरहून पहाटेची एसटी सुटली तेव्हा नितीन, माझा नवरा, गाल फुगवूनच बसला होता. त्याला गाड्यांचं वेड. मागून येणारी गाडी कुठली, हे तो डोळे मिटून आवाजावरून सांगतो. गेलं वर्षभर त्याच्या मनात एक उंच, नवीकोरी सात सीटची गाडी होती. पण तिचे हप्ते माझ्या पगाराएवढे होते, आणि मला तर हॉस्पिटलातली नोकरी सोडायची होती. मी फिजिओथेरपिस्ट आहे. घरी जाऊन पेशंटना व्यायाम द्यायचे, असं मी कधीपासून मनाशी धरलं होतं. त्यासाठी छोटी, जुनी, बिनकर्जाची गाडी पुरेशी होती. तशी एक कोडोलीला विकायला असल्याचं कळलं, म्हणून आम्ही निघालो होतो.

कोल्हापुरात उतरल्यावर आधी मिसळ. मी कट (वरून घालायचा झणझणीत रस्सा) जरा जास्तच ओतून घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं. वाढणारा म्हणाला, "पावणं (पाहुणे) बाहेरचं दिसत्यात. दही आणू काय?" नितीन सकाळपासून पहिल्यांदा हसला.

कोडोलीची एसटी उसाच्या हिरव्यागार पट्ट्यांमधून गेली. साखर कारखाने सुरू झाले होते. हवेत गुळचट वास होता. शोभाताई कांबळे दारातच उभ्या होत्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, आवाज खणखणीत. बाहेरच्या खोलीत बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, आणि अंगणात धुऊन पुसून ठेवलेली लाल गाडी.

"पंचेचाळिशीत शिकले मी," त्या म्हणाल्या. "गल्ली हसत हुती. मग त्याच गल्लीतल्या बाळंतिणी ह्याच गाडीतनं दवाखान्यात नेल्या की!"

"मग विकता कशाला?" मी विचारलं.

"गुडघा. पडले, तवापासनं क्लच दाबवत न्हाय."

गाडीची खरी परीक्षा घाटाकडे, असं म्हणून त्याच आमच्याबरोबर निघाल्या. पन्हाळ्याला वळसा घालून आम्ही गगनबावड्याच्या रस्त्याला लागलो. मी चालवत होते. एका अरुंद वळणावर समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर आला, मागे दोन ट्रॉल्या. आमच्या पुढची मोठी गाडी अंग चोरता चोरता चाक चरात घालून बसली. आम्ही मात्र कडेकडेनं अलगद निसटलो. मग थांबून सगळ्यांनी मिळून त्या गाडीला धक्का दिला. ट्रॅक्टरवाला ओरडला, "गाडी थोरली घेटली पावणं, पर रस्ता तेवढाच हाय की!" चिखलानं माखलेला नितीन माझ्याकडे न बघता म्हणाला, "ऐकलं मी. बस गाडीत."

गगनबावड्याला भर दुपारी धुकं होतं. दरी दिसत नव्हती, नुसता वारा खालून वर येत होता. टपरीवर कांदाभजी आणि चहा घेतला. उठताना शोभाताईंनी टेबलाचा आधार घेतला, आणि त्यांचा तोल कसा जातो ते माझ्या नजरेत भरलं. मी त्यांना परत बसवलं, गुडघा वाकवून पाहिला, मांडी चाचपली.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"हाड शाबूत हाय म्हणले. मीच भ्यायले, पाय हलवलाच न्हाय."

गाडी मला मनापासून आवडली होती, खिशाला परवडतही होती. पण खरं काय ते दिसत होतं. "ताई, सांधा बरा आहे. मांडीचे स्नायू सुकलेत. व्यायाम केलात तर तुम्ही पुन्हा गाडी चालवाल."

"खरं?"

"खरं."

त्यांनी पाय लांब करून गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "मग मी न्हाय विकत. रागावू नगंस पोरी."

कोडोलीला परतल्यावर त्यांच्या पलंगावरच मी व्यायाम शिकवले. परतीच्या एसटीत नितीन म्हणाला, "गाडी बघायला गेलो आणि पेशंट घेऊन आलो." मला हसू आलं आणि थोडं रडूही. व्यायाम मात्र मी रोज सकाळी व्हिडिओ कॉलवर करून घेत राहिले.

उन्हाळा लागला तेव्हा त्यांचा फोन आला. "तुझ्यासाठी गाडी बघितलीया. कबनूरला, माझ्या मैत्रिणीची हाय. या दोघं."

कोल्हापूरच्या स्टँडवर लाल गाडी घेऊन त्या स्वतः आल्या होत्या. मी मागे बसले. त्यांचा डावा पाय क्लचवर सहज जात होता, आणि माझी नजर रस्त्यापेक्षा त्या पायावरच होती. कबनूरला गल्लोगल्ली यंत्रमागांची खडखड. त्या गदारोळातही नितीननं बॉनेट उघडून, कान लावून इंजिन ऐकलं, गाडीखाली वाकून पाहिलं, चक्कर मारून आला आणि म्हणाला, "प्राची, घे. हिला चांगलं जपलंय." साठवलेल्या पैशांत ती बसली. कर्ज नाही, हप्ता नाही.

निघताना शोभाताईंनी मला जवळ घेतलं. "सावकाश जा. आणि नोकरी सोडायला भिऊ नगंस."

येताना आम्ही आळीपाळीनं गाडी चालवली. उंच गाडीचं स्वप्न नितीननं सोडलेलं नाही, सोडूही नये. तुझं काम नीट चाललं की बघू, असं तोच म्हणाला. मला मात्र गाडीकडे बघून एवढंच वाटत होतं, की हिच्यामुळे माझ्या हातातलं काही गेलं नाही, उलट एक वाट उघडली. सोलापूरच्या अलीकडे चहाला थांबलो, तेव्हा हॉस्पिटलात माझ्याकडे व्यायामाला येणाऱ्या, अर्धांगवायू झालेल्या एका आजोबांच्या सुनेचा फोन आला. घरी येऊन व्यायाम द्याल का, असं ती विचारत होती.

"पुढच्या महिन्यापासून येते," मी म्हणाले, आणि राजीनामा सोमवारीच द्यायचा, हे तिथेच ठरलं.